वाढलेली फी आणि घरी न सांगितलेला आकडा

पत्र

मावशी, मी 23 वर्षांची, सिन्नरची. बी.कॉम. झाल्यावर पुण्यात चिनी भाषेचा क्लास केला, चिनी भाषेच्या एचएसके परीक्षेची तिसरी पातळी पास झाले आणि गेल्या सप्टेंबरात बीजिंगच्या एका विद्यापीठात भाषेच्या वर्गाला आले. डिसेंबरात चौथी पातळीही झाली. आता नोटीस लागलीय की येत्या सप्टेंबरपासून सेमिस्टरची फी 11,200 युआनवरून 12,900 होणार. होस्टेलची खोली तर मार्चपासूनच महिना 1,500 ची 1,800 झाली. इथल्या चिनी मुलांना वर्षाला पाच हजार आणि आम्हाला पंचवीस हजार, ही लूट नाही तर काय? पप्पांचं हार्डवेअरचं दुकान आहे. यातलं काहीच त्यांना सांगितलेलं नाही. होस्टेलचा फरक रात्रीचं जेवण बंद करून काढतेय. दुसरं वर्ष इथेच करू, स्वस्त शहरात जाऊ, तैवानला जाऊ की परत येऊ? एका बालवाडीत शनिवार-रविवार इंग्रजी शिकवायचं काम मिळतंय, रोख पैसे देतात. तुमच्या वेळी एवढी फी होती का? आणि तिकडे पोहे मिळायचे का?
– अर्ध्या वाटेवरची

उत्तर

अगं,

आधी बालवाडीचं बोलते, कारण बाकी सगळ्याला वेळ आहे, त्याला नाही. ते काम घेऊ नकोस. तुझा रेसिडेन्स परमिट शिकण्यासाठी आहे. बाहेर काम करायचं तर विद्यापीठाची परवानगी लागते आणि पोलिसांच्या एक्झिट-एंट्री कार्यालयातून परमिटवर तशी नोंद करून घ्यावी लागते. 2013 च्या जुलैपासून लागू झालेल्या कायद्यात बेकायदा काम करणाऱ्या परदेशी माणसाला 5,000 ते 20,000 युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर पाच ते पंधरा दिवसांची कोठडी. रोख देणारा मालक धाड पडली की तुला ओळखही दाखवणार नाही. ज्या फीवाढीसाठी तू हे करायला निघालीस ती वर्षाला 3,400 युआन आहे, आणि दंड सुरूच होतो पाच हजारांपासून.

आता माझ्या वेळची फी. मी 2005 च्या सप्टेंबरात बीजिंगला गेले. वुदाओकौ या विद्यापीठांच्या भागात तेव्हा भर रस्त्यात रेल्वेचं फाटक होतं आणि गाडी येईपर्यंत अर्धी दुनिया सायकली धरून उभी असायची. (2016 मध्ये ते फाटक गेलं, तू पाहिलं नसशील.) माझ्या वर्गाची फी होती वर्षाला 23,000 युआन. होय, तेवीस हजार. तुझी आजची फी 22,400 आहे आणि वाढून 25,800 होईल. म्हणजे वीस वर्षांत युआनमध्ये फरक किती, तर बारा टक्क्यांच्या आसपास. त्याच वीस वर्षांत सिन्नरच्या दुकानातल्या खिळ्यांचा भाव किती पटींनी वाढला, ते वडिलांना विचार.

पण मी गेले तेव्हा एक युआन साडेपाच रुपयांना होता. आता हिशेबासाठी तो सव्वाबाराला धर. माझ्या वडिलांनी बँकेतून पाठवले सव्वा लाखाच्या थोडे वर. तुझ्या वडिलांना सप्टेंबरपासून सव्वातीन लाखांच्या घरात पाठवावे लागतील. युआनात बारा टक्के वाढ आणि रुपयांत अडीचपट. यातला मोठा वाटा तुझ्या विद्यापीठाने वाढवलेला नाही, तो रुपयाच्या घसरणीचा आहे. विद्यापीठाच्या नोटीसबोर्डावर चिडून त्यावर काही उपाय निघत नाही.

याचा एक व्यावहारिक अर्थ आहे. पैसे कसे पाठवता ते नीट बघ. फी कार्डाने भरत असशील तर बऱ्याच भारतीय कार्डांवर परकीय चलनासाठी साडेतीन टक्क्यांच्या आसपास कापतात, वर त्यावर जीएसटी. 25,800 युआनवर ते नऊशे युआन होतात, म्हणजे तुझ्या होस्टेलच्या तीन महिन्यांच्या वाढीएवढे. फी बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यावर पाठवायची, दोन बँकांचा त्या दिवशीचा दर विचारून. परदेशी पाठवलेल्या पैशावर आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराची, म्हणजे टीसीएसची भीती वडिलांना कुणी घालत असेल तर सांग, 2025 च्या एप्रिलपासून वर्षाला दहा लाखांपर्यंत तो लागत नाही. तुमचा आकडा त्याच्या बराच आत आहे.

आता लुटीचं. चिनी मुलाला पाच हजार आणि तुला पंचवीस, हे खरं आहे. पण ते कुणी लपवलेलंही नाही. त्या मुलाच्या शिक्षणाचा बाकीचा खर्च त्याचं सरकार देतं, तुझा देत नाही. आपल्याकडे एनआरआय कोट्यातल्या मुलाची फी शेजारच्या बाकावरच्या मुलापेक्षा किती जास्त असते ते आठव. 1998 साली तिथल्या शिक्षण मंत्रालयाने स्वखर्चाने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी फीचे पट्टेच आखून दिले होते. भाषेचा वर्ग आणि पदवीला वर्षाला 14,000 ते 26,000 युआन, एम.ए.च्या पातळीला 18,000 ते 30,000, पीएच.डी.ला 22,000 ते 34,000. वैद्यक आणि संगीत-चित्रकलेसारख्या कलांना याच्या दीडपट ते दुप्पट. गंमत बघ, तुझी वाढलेली फी अजून त्या 1998 च्या पट्ट्यातच बसते. शिक्षकांचे पगार मात्र 1998 चे राहिलेले नाहीत. शिवाय मधली दोन-अडीच वर्षं, 2020 च्या मार्चपासून 2022 च्या ऑगस्टपर्यंत, परदेशी विद्यार्थ्यांना देशात येताच येत नव्हतं. भाषेचे वर्ग याच मुलांवर चालतात. तेव्हा आज ना उद्या हे होणारच होतं.

आणि तुमचीच फी वाढतेय असंही नाही. शांघायच्या ईस्ट चायना युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीने 2023 साली विज्ञान-अभियांत्रिकीच्या चिनी विद्यार्थ्यांची फी 5,000 वरून 7,700 केली. चौपन्न टक्के. तिथल्या आयाबापांनीही कपाळावर हात मारला.

पण त्या वाढीत एक गोष्ट होती जी तुझ्या कामाची आहे. ती फक्त नव्याने दाखल होणाऱ्यांना लागली, आधीपासून शिकणाऱ्यांना नाही. चिनी कार्यालयांत यासाठी एक ठरलेलं वाक्य आहे: लाओशंग लाओ पान्फा, शिनशंग शिन पान्फा. जुन्या विद्यार्थ्यांना जुनी पद्धत, नव्यांना नवी. (पिनयिनमध्ये, म्हणजे चिनीच्या रोमन लिखाणात, ‘बी’ लिहिलेला असला तरी मी ‘पा’ लिहिलंय, कारण ऐकू तेच येतं. प आणि फ, त आणि थ यांचा फरक आपल्या कानाला जन्मापासून असतो, आणि ‘चांगला’ला एक च, ‘चहा’ला दुसरा हेही. अमेरिकन मुलांचे ज्या उच्चारांवर आठवडे जातात, ते मराठी मुलीला पहिल्या आठवड्यात जमतात. तेवढी फी तुझी वाचलीच म्हण.)

पदवीच्या विद्यार्थ्याला हा नियम बहुधा आपोआप मिळतो. भाषेच्या विद्यार्थ्याची मात्र दर वेळी नव्याने नोंदणी होते, त्यामुळे कार्यालय तुला ‘शिनशंग’ धरायला मोकळं असतं. म्हणून विचारायचं. वीचॅटवर नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन, शांतपणे, चिनीतून. मी याच विद्यापीठात सलग शिकतेय, माझी हजेरी एवढी, एचएसकेचे गुण एवढे, मला जुन्या विद्यार्थ्याचा दर लागू होतो का, किंवा पुन्हा नोंदणी करणाऱ्यांना सवलत आहे का. लाओशंगचं ते वाक्य तू त्यांच्याच शब्दांत टाकलंस की समोरची बाई निदान फाइल उघडेल. वर्षाची फी एकदम भरली तर कमी होते का, तेही विचार. दोघींना एक खोली घेतली तर होस्टेल किती पडतं, तेही. ‘नाही’ म्हणाल्या तरी तुझं गेलं काय? एचएसकेच्या तोंडी परीक्षेची तयारी झाली.

इथवर फीबद्दल झालं. पण पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की तू चुकीच्या आकड्याकडे बघतेयस.

एचएसकेच्या जुन्या सहा पायऱ्यांचे शब्द आठव. 150, 300, 600, 1,200, 2,500, 5,000. प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट. तू तिसरीवरून चौथीला गेलीस तेव्हा सहाशे नवे शब्द लागले, आणि ते तू एका सेमिस्टरमध्ये केलेस. चौथीवरून पाचवीला तेराशे लागतात. पाचवीवरून सहावीला अडीच हजार. म्हणजे विद्यापीठाने फी एका युआननेही वाढवली नसती, तरी तुझी पुढची प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट महागच पडणार होती. नोटीस लागली म्हणून तुझं लक्ष सतराशे युआनकडे गेलं. खरी वाढ या शब्दांत आहे आणि ती कुठल्याच नोटिशीवर येत नाही.

आणि याच पायऱ्यांवर वर्गाचा उपयोग कमी कमी होत जातो. सुरुवातीला शिक्षक लागतोच. चार टोन, म्हणजे उच्चारातले चढउतार, अक्षरांच्या रेघांचा क्रम, ‘ल’ हा अव्यय वाक्यात कुठे टाकायचा, हे एकट्याने शिकायला गेलं की चुका मुरतात. पाचवीच्या पुढे मात्र वाचन, वाचन आणि वाचन. ते होस्टेलच्या खोलीत होतं आणि सिन्नरलाही होतं. वर्गाचा हिशेब करून बघ. आठवड्याला वीस तास, सतरा आठवडे, म्हणजे 340 तास. नव्या फीने तास पडतो 38 युआनला, साधारण 465 रुपये. सध्या तू 33 युआन देतेस, म्हणजे चारशे रुपये. चारशेच्या त्या तासाला तू आत्ता जातेस का, सगळ्या? सकाळी आठच्यालासुद्धा? (मी जात नव्हते. जानेवारीत बीजिंगला सकाळी आठ वाजता माणसाने पांघरुणातून का बाहेर यावं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.)

माझं मत स्पष्ट सांगते. दुसरं वर्ष स्वतःच्या पैशाने करू नकोस. बीजिंगलाही नाही आणि स्वस्त शहरातही नाही. फी परवडत नाही हे एवढंच कारण नाही. एचएसके पाचवी ही ती रेघ आहे जिच्या पलीकडे तू फी भरणारी राहत नाहीस, फी माफ होणाऱ्यांच्या रांगेत उभी राहू शकतेस. चीनची आंतरराष्ट्रीय चिनी भाषा शिक्षक शिष्यवृत्ती, जिला पूर्वी कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूटची शिष्यवृत्ती म्हणायचे, तिच्यात परदेशी लोकांना चिनी कसं शिकवायचं या विषयातली मास्टर्स आहे. तिच्यासाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते, बी.कॉम.सुद्धा. लागते ती एचएसके पाचवी आणि तोंडी परीक्षेची मधली पातळी. मिळाली तर फी नाही, राहायची सोय, विमा आणि महिन्याला 3,000 युआन. ज्या होस्टेलचे 300 युआन वाढले म्हणून तू उपाशी झोपतेस, त्याच शहरात.

सप्टेंबरच्या प्रवेशाची मुदत साधारण मेपर्यंत असते. यंदा पाचवी हातात नसताना धावपळ करून अर्ज भरण्यात अर्थ नाही. याच शिष्यवृत्तीत एक सेमिस्टर आणि एक वर्षाचे भाषेचे वर्गही आहेत, पण त्यातल्या काही प्रकारांत आधी चीनचा विद्यार्थी व्हिसा घेतलेल्यांना दार बंद असतं. अर्ज करण्याआधी ती अट वाच, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नकोस. एचएसकेचं गुणपत्रक प्रवेशासाठी दोन वर्षं चालतं. म्हणजे या जुलैच्या आत पाचवीला बसलीस तर पुढच्या वसंतातल्या अर्जाला ते पुरतं.

मधलं वर्ष? परत ये आणि कमव. रांजणगावला हायरचा कारखाना आहे, चाकणला सॅनीचा, दोन्ही चिनी कंपन्या. शिवाय त्या पट्ट्यात अशा कितीतरी कंपन्या आहेत जिथे यंत्रं चीनहून येतात आणि ती बसवताना समोरच्या इंजिनिअरशी बोलायला माणूस मिळत नाही. कामाचं स्वरूप आधीच सांगते, म्हणजे स्वप्नभंग नको. भाषांतर म्हणजे कविता नाही. ‘हा बोल्ट उलट्या दिशेने का फिरवलात’ हे दिवसातून चाळीस वेळा दोन भाषांत सांगायचं. पण तू हार्डवेअरच्या दुकानात वाढलेली मुलगी आहेस. नट, वॉशर, स्पॅनर, गॅस्केट काय असतं हे तुला आधीच ठाऊक आहे. त्यांचे चिनी शब्द आत्तापासून वेगळ्या वहीत लिहायला लाग. एचएसकेच्या यादीत ते नाहीत आणि मुलाखतीत तेच विचारतात.

बाकीचे पर्याय थोडक्यात. स्वस्त शहर म्हणजे हार्बिन किंवा खुनमिंग. हार्बिनची बोली प्रमाण चिनीला जवळची, फी कमी, आणि हिवाळा उणे वीसच्या खाली; गरम कपड्यांचे पैसे हिशेबात धर. खुनमिंगची हवा नाशिकसारखी सुखाची, पण भाजीवाली जे बोलते ते वर्गातलं चिनी नसतं. तरीही जायचंच ठरलं तर जुन्या विद्यापीठाचा दाखला आणि गुणपत्रक आधी हातात घे, नव्या ठिकाणचं प्रवेशपत्र आणि परमिटसाठी लागणारा जेडब्ल्यू 202 फॉर्म जुनं परमिट संपायच्या बऱ्याच आधी मिळव, आणि बदल झाल्यापासून दहा दिवसांत परमिटवरची नोंद बदलून घे. नव्या पत्त्याची पोलिसांकडे नोंद चोवीस तासांत. यात हयगय केलेली मुलं मी पाहिलीत, त्यांची फी वाचली आणि दंडात गेली.

तैवानमध्ये शिकवणं उत्तम आहे, तैपेईच्या नॉर्मल युनिव्हर्सिटीचं मँडरिन केंद्र 1956 पासून चालू आहे. पण तिथे अक्षरं पारंपरिक, परीक्षा वेगळी, म्हणजे एचएसकेवर घातलेलं वर्ष थोडं बाजूला पडतं. तुला चाकणला काम करायचंय, तर आत्ता तो फाटा नको. तैवान सरकारची स्वतःची भाषा शिष्यवृत्ती आहे, ती मिळाली तर मला पुन्हा लिही, माझं उत्तर बदलेल.

राहिले तुझे वडील. फीचा आकडा तू त्यांच्यापासून लपवलास तो त्यांना वाचवायला, हे मला कळतं. पण तू दुकानदाराच्या घरातली आहेस. भाव वाढला हे त्या माणसाला रोज कुणीतरी सांगतं, लोखंडाचा, सिमेंटचा, रंगाचा. त्याने ते कोसळत नाहीत. गिऱ्हाईकाने उधारी लपवली की मात्र कोसळतात. या रविवारी फोन कर आणि तीन आकडे सांग: जुलैपर्यंत होस्टेलचे जास्तीचे किती लागतील, परीक्षेची फी किती, परतीचं तिकीट किती. ‘दुसऱ्या वर्षाचे पैसे नकोत’ हेही त्याच फोनवर सांग, आधी ते सांगितलंस तरी चालेल. आईला बाजूला बसवून घे. जेवण बंद केल्याचं तिला सांगू नकोस, आजपासून जेवायला लाग म्हणजे सांगायला काही उरणार नाही.

पोहे मिळायचे नाहीत. आमच्या मजल्यावरच्या एका सोलापूरच्या मुलाने एकदा आईकडून पाच किलो मागवले आणि पोहोचेपर्यंत त्यांचा चुरा झाला होता, आम्ही तो चिवडा म्हणून खाल्ला. पण रात्री होस्टेलच्या गेटबाहेर जिएनपिंगची गाडी लागत असेल बघ. तव्यावर पीठ पसरतात, अंडं फोडतात, कोथिंबीर घालतात. मुगाच्या पिठाचं असतं ते, आपलं धिरडंच. काळा सॉस कमी आणि तिखट जास्त, एवढं चिनीतून सांगता येतंच तुला.

– मावशी